कागद क्रमांक चाळीस

कागद हातात आला की आधी त्यावर क्रमांक टाकायचा आणि मग तो वाचायचा, हा दफ्तरकाकांचा जन्मभराचा नेम. चौतीस वर्षं त्यांनी एका कचेरीच्या अभिलेख विभागात काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात काही थांबत नव्हता. विजेच्या बिलावर, औषधाच्या चिठ्ठीवर, एवढंच काय, काकूंनी दिलेल्या किराणाच्या यादीवरसुद्धा उजव्या कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख पडायची. एकदा काकूंनी यादीत साखर दोनदा लिहिली, तेव्हा ती यादी 'त्रुटी दूर करून फेरसादर करावी' अशा शेऱ्यासकट परत आली होती. त्या दिवशी घरात चहा बिनसाखरेचा झाला आणि काकांनी तो एकही शेरा न मारता प्यायला.

तर अशा या काकांच्या हातात एक निगेटिव्ह पडली.

कपाटाच्या वरच्या खणातला बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काकूंनी टाकून द्यायला काढला होता. काकांनी सवयीने तो तपासायला घेतला आणि तळाशी, एका पिवळ्या पाकिटात, ती सापडली. उजेडासमोर धरली आणि काका ती खाली ठेवीनात. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनवर सतरा वर्षांची ताई, आणि खाली पायडलशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं सहा वर्षांचं ध्यान, म्हणजे खुद्द काका. वडिलांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून हा फोटो काढला होता. छापलेली प्रत ओल लागून कधीच गेली होती. पण ताई मात्र दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "त्या फोटोत बाबांची सावली होती रे. मागच्या दारातून ऊन येत होतं, आणि ती पडली होती भिंतीवर. अगदी स्पष्ट."

घरात वडिलांचा दुसरा फोटोच नव्हता. फोटो तेच काढायचे, मग त्यांचा काढणार कोण? फोटो काढला त्याच्या पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचा चेहरा काकांना नीट आठवत नसे. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण अभिलेखपालाने अभिलेख हरवल्याची कबुली द्यायची नसते.

आणि येत्या रविवारी ताईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. ती जेवायला यायची होती.

फोटोवाल्याने निगेटिव्ह कॉम्प्युटरवर उतरवून दिली आणि म्हणाला, "काका, छापूनही देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."

"घरी यंत्र आहे," काका म्हणाले. हे तीन शब्द पुढे आठवडाभर त्यांच्या कानात वाजत राहिले. यंत्र होतं हे खरं. मुलीने गेल्या वर्षी पाठवलेला रंगीत प्रिंटर होता आणि त्यावर आजवर विम्याच्या दोन पावत्या छापल्या गेल्या होत्या. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी ताईला फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं, "या रविवारी तुला बाबा दाखवतो."

 पलीकडून ताई म्हणाली, "मी पुसून ठेवते चष्मा."

झालं. आता माघार नाही.

चांगल्या फोटोला चांगला कागद हवा, म्हणून काकांनी चाळीस जाड, बिनचकाकीच्या कागदांचं पाकीट आणलं. ते फोडल्यावर दुसरा कुणी माणूस पहिला कागद प्रिंटरमध्ये घालील. काकांनी फूटपट्टी काढली. प्रत्येक कागदाचा हिशेब लागला पाहिजे, म्हणून चाळीसही कागदांवर तळाशी दोन बोटं उंचीचा तक्ता आखला: क्रमांक, दिनांक, शेरा, सही. पेनही त्यांनी दोन्ही बाजूंवर चालवून पाहिलं. एका बाजूला शाई फुटत होती, दुसऱ्या बाजूला अक्षर कसं मोत्यासारखं बसत होतं. अर्थातच तक्ते त्या दुसऱ्या बाजूवर आखले गेले. त्यात सबंध दुपार गेली. मग तक्त्याची बाजू मागे राहील अशा बेताने त्यांनी कागद क्रमांक एक प्रिंटरमध्ये घातला. चारही बाजूंना समास सोडला, खाली जरा जास्तच, कारण बिनसमासाचा कागद त्यांनी आयुष्यात पुढे पाठवला नव्हता.

प्रिंटरने घसा साफ केल्यासारखे आवाज काढले आणि फोटो बाहेर आला. तो हिरवा होता.

म्हणजे पानासारखा हिरवा नव्हे. आजाऱ्यासारखा हिरवा. ताई हिरवट, मशीन हिरवट, काका स्वतः कमालीचे हिरवट. आणि भिंतीचा खालचा गडद पट्टा, जिथे सावली असायला हवी होती, तिथे नुसता राखेचा ढीग.

"बोट लागलीय वाटतं सगळ्यांना," काकू म्हणाल्या.

काकांनी तो अपमान गिळला, मोबाइलने फोटोचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. मोबाइल धरताना त्यांचा उजवा कोपर खांद्याच्या वर जात असे. या कोपराने आजवर घरातले दोन कप आणि एक फुलदाणी फोडली होती. या वेळी तो काकूंच्या चष्म्याला लागला.

"अहो, फोटो काढताय की गाडी वळवताय?" काकू म्हणाल्या.

मुलीचा फोन आला. "बाबा, काळा-पांढरा फोटो असला तरी तो प्रिंटर करडा रंग सगळे रंग मिसळून बनवतो. म्हणून हिरवा आला असेल. सेटिंगमध्ये जाऊन फक्त काळी शाई वापरायला सांगा."

काकांनी सांगितलं. प्रिंटरने ऐकलं. आता हिरवा गेला आणि ताईच्या गालांवर ठिपके आले, जणू कुणी वरून मोहरी टाकली असावी. सावलीच्या जागी आता काळा डांबराचा थर होता. काकांनी मागच्या तक्त्यात लिहिलं: 'क्र. २. चेहऱ्यावर पुरळ. अस्वीकृत.' आणि सही केली.

तिसऱ्या कागदावर आडव्या रेघा आल्या. चौथ्यावर त्याच रेघा, पण जास्त निर्धाराने. मुलीच्या सांगण्यावरून काकांनी शाईची नळी साफ करण्याचा हुकूम यंत्राला दिला. यंत्राने दहा मिनिटं गुरगुरत स्वतःचीच अर्धी शाई पिऊन टाकली. रेघा गेल्या. हिरवा परत आला.

आता इमारतीत बातमी फुटली. ती फुटण्याचं कारण काका स्वतःच होते. एकाच अधिकाऱ्याच्या मतावर निर्णय घेऊ नये, या तत्त्वाला धरून ते दर नवा कागद घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे राहू लागले. फोटो पाहायचा, मागे शेरा लिहायचा, सही करायची. यातून सुटका नव्हती.

तळमजल्यावर घरं रंगवणारा रंगारी राहायचा. त्याने फोटो दाराबाहेर उजेडात नेला. "इथे गुलाबी दिसतोय," तो म्हणाला. आत ट्यूबखाली आणला. "इथे हिरवा. काका, यात तुमचा दोष नाही. करडा रंग म्हणजे लई वंगाळ. मी पस्तीस वर्षं भिंती रंगवतोय, पण गिऱ्हाइकाने करडा मागितला की मी आधी पांढरा सुचवतो."

"मग उपाय?"

"तुमच्या ताईंना दारातच बसवा. उंबऱ्यावर. अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत." आणि त्याने शेरा लिहिला: 'उंबऱ्यावर बरा.'

समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीच्या काचेला चिकटवला, कारण त्यांना कुठलंही काळं-पांढरं चित्र तसंच पाहायची सवय होती. एक डोळा मिटून त्यांनी कोपरा न् कोपरा तपासला. काकांना जबडा दुखू लागल्यासारखं वाटलं.

"काळोखात तपशील नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "अशा एक्स-रेवर मी दाढ काढणार नाही."

"यात माझ्या वडिलांची सावली आहे," काका म्हणाले.

"असेलही. पण दिसत नाही ना." मग काकांचा चेहरा पाहून त्यांनी हळूच म्हटलं, "तुम्ही बसा जरा. पाणी देऊ?"

वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर निवृत्त असले तरी लाल पेन खिशात बाळगून होते. त्यांनी फोटो उलटसुलट फिरवला आणि भिंतीच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा खोल समुद्र. किनाऱ्याजवळचा उथळ भाग तुम्ही दाखवलाच नाही. छटा किती हव्यात? निदान सात. तुमच्याकडे दोन. दहापैकी तीन गुण." आणि तक्त्यात खरोखरच लाल शाईने तीन लिहिले. शाळेनंतर पन्नास वर्षांनी काका पुन्हा नापास झाले होते.

बुधवारी काकांनी प्रिंटरच्या कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय गोड होती आणि त्या गोडव्यातून तिने काकांना अर्धा तास एक पाऊल पुढे सरकू दिलं नाही.

"सर, आपली तक्रार कोणत्या प्रकारात नोंदवू? माझ्याकडे तीन प्रकार आहेत. रंग येत नाहीत, काळा येत नाही, किंवा काहीच येत नाही."

"माझे रंग येतात. नको असताना येतात."

"तसा प्रकार नाही, सर."

"मग 'इतर' असेल."

"'इतर' बंद केलंय, सर. त्यात फार तक्रारी यायला लागल्या होत्या."

 'इतर' हा रकाना काकांनी स्वतः, त्यांच्या कचेरीत, नेमक्या याच कारणासाठी बंद करवला होता. त्या वेळी त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं. आता काउंटरच्या या बाजूने पाहताना ती कल्पना तितकीशी थोर वाटेना. तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही. बाईंनी यंत्राचा क्रमांक विचारला. तो यंत्राच्या पोटाखाली होता. काकांनी यंत्र उलटं केलं, क्रमांक वाचून दाखवला, आणि सरळ केलं तेव्हा त्यातून निळ्या शाईचा एक ओघळ काकूंच्या टेबलक्लॉथवर उतरला.

"आपली तक्रार 'रंग येत नाहीत' या प्रकारात नोंदवली आहे, सर. सात ते दहा दिवसांत माणूस येईल."

"रंग येत नाहीत?" टेबलक्लॉथकडे पाहत काकू म्हणाल्या. आणि त्या डागावर चोळायला लिंबू आणायला गेल्या.

शुक्रवारपर्यंत काकांनी काय काय केलं याची यादी द्यायची म्हटली तर तिलाही क्रमांक घालावे लागतील. शाईचा डोस वाढवला, तर कागद ओला होऊन ताईची वेणी ओघळली. कमी केला, तर सगळं घर धुक्यात गेलं. यंत्रात कागदाचा प्रकार बदलून पाहिला, आणि एकदा चुकून 'पाकीट' निवडल्याने पंचविसाव्या कागदावर फक्त काकांचे गुडघे आले. एव्हाना घरभर तेच तिघं दिसत होते: टेबलावर, खुर्चीवर, दूरदर्शन संचावर, हिरवी ताई, गुलाबी ताई, रेघांची ताई. तिघं म्हणजे ताई, काका आणि मशीन. चौथा माणूस काही येत नव्हता.

शनिवारी दुपारी एकोणचाळिसावा कागद बाहेर आला. त्यातल्या त्यात तो बरा होता. हिरवा नव्हता, रेघा नव्हत्या. पण मळकट होता, आणि भिंतीचा पट्टा तसाच मुका. उरला एक कागद. काकांचा हात त्याच्याकडे गेला आणि परत आला. तो प्रिंटरमध्ये घालून तोही वाया गेला असता, तर मग उद्या नुसती कबुलीच द्यावी लागली असती.

"मी फोटोवाल्याकडे जाऊन येऊ का?" काकूंनी विचारलं. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"त्याचं दुकान सोमवारी उघडतं," काका म्हणाले. ते दारावरची पाटी वाचून आले होते, म्हणजे आधीच एकदा गुपचूप जाऊन आले होते. काकूंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला ताई आली. छोटीशी, ताठ, पुसलेला चष्मा लावून. वडील गेल्यावर या बाईने तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून घर चालवलं होतं आणि धाकट्या भावाला शिकवून कचेरीच्या खुर्चीपर्यंत पोचवलं होतं. पुढेही वीस वर्षं तिने मशीन सोडलं नाही. शेजारीही जमले होते. बोलावलं कुणी नव्हतं, पण ज्याने सही केली त्याला निकाल ऐकायचा हक्क असतो. रंगाऱ्याने येताना खुर्ची उंबऱ्यावर सरकवून ठेवली होती, पण ताई आत टेबलापाशी बसली.

काकांनी तांबड्या फितीची फाइल ताईच्या हातात दिली. तिने फीत सोडली, कागद क्रमांक एकोणचाळीस मांडीवर घेतला आणि पाहू लागली.

"अगंबाई! माझी वेणी बघ केवढी. आणि हे तू. नाक वाहतंय तुझं." ती हसली. मग तिची नजर सावकाश भिंतीच्या पट्ट्याकडे गेली. तिने कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा कुठे आहेत रे?"

 डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"ताई, खूप प्रयत्न केला मी," काका म्हणाले. "चाळीस कागद आणले, त्यातले एकोणचाळीस झाले. निगेटिव्हमध्ये आहेत ते. नखाएवढे का होईना, मी पाहिलेत. कागदावर येत नाहीत. नाही जमलं मला." चौतीस वर्षांच्या नोकरीत हे शेवटचं वाक्य त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं.

 ताई फोटोवरून अंगठा फिरवत होती. मग तिने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूवरून फिरवला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. डोळे तिने मिटून घेतले होते.

"अरे," ती म्हणाली, "हे तू उलट्या बाजूवर का छापलंस?"

"कुठली उलटी?"

"ही खरखरीत. सुलट बाजू ही मागची, जिच्यावर तू रेघोट्या मारल्यात. साय असल्यासारखी लागतेय बोटाला. पन्नास वर्षं कापडाची उलट-सुलट बाजू बघतेय मी, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. कागद काय वेगळा असतो?"

रंगारी कागदावर वाकला. "म्हणजे काका, तुम्ही आठवडाभर भिंतीच्या मागून रंग देत होता."

काकांनी पाकीट शोधून काढलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'शाई न फुटणाऱ्या बाजूवर छापावे.' पाकिटाच्या त्याच कोपऱ्यावर काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात आवक क्रमांक पडला होता. वाचायचं तेवढं राहून गेलं होतं.

"लाव तो शेवटचा," ताई म्हणाली.

"त्यावर तक्ता आहे, ताई. पुढच्या बाजूला येईल."

"येऊ दे."

कागद क्रमांक चाळीस प्रिंटरमध्ये गेला. सगळे भोवती उभे राहिले. यंत्राने घसा साफ केला. आधी खिडकी आली, तिच्या गजांच्या कडा सुरीसारख्या. मग ताईचा भांग, कपाळ, वेणी. मशीनचं चाक. खाली गुडघे, त्यांच्यामागे एक घाबरट, खूश चेहरा. मास्तर हळू आवाजात छटा मोजत होते, आणि सातच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं. मग भिंतीचा काळा पट्टा आला, आणि त्या काळ्यात दुसरा काळा होता.

डोकं. जरा बाहेर आलेले कान. कॅमेरा धरलेला हात, आणि उजवा कोपर खांद्याच्या वर, गाडी वळवत असल्यासारखा.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचा कोपर," त्या म्हणाल्या.

 ज्याची एकही नोंद आपल्याकडे नाही असं काका इतकी वर्षं समजत होते, तो माणूस त्यांच्या स्वतःच्या हातात राहत होता आणि काकूंचे कप फोडत होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"असाच धरायचे," ताई म्हणाली. "मी किती सांगायचे, बाबा, कोपर खाली." तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फोटोच्या खाली पाहिलं. तिथे, नेमका समासात, फोटोला कुठेही न लागता, काकांचा तक्ता बसला होता. क्रमांक चाळीस. दिनांक. शेरा. सही.

"पेन दे," ताई म्हणाली.

वडील गेल्यानंतर काकांच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तीच करायची. अठरा वर्षांची पालक. आधी सगळे विषय वाचायची, मग ओठ मुडपून विचार करायची, मग लिहायची. आताही तिने ओठ मुडपले. शाई अजिबात फुटली नाही. अक्षर कसं सुरेख बसलं.

'प्रगती चांगली. वाचून मग लिहीत जावे.'

खाली सही केली, शाई वाळायला दोन फुंकरी मारल्या आणि कागद भावाच्या हातात दिला.

"घे. उद्या मास्तरांना दाखव."

"उद्या कशाला," भूगोलाचे मास्तर म्हणाले आणि खिशातून लाल पेन काढू लागले. पण काकांनी कागद छातीशी धरला आणि तो कुणालाही दिला नाही. ताईच्या प्रतीसाठी सोमवारी कागदांचं नवीन पाकीट आणायचं ठरलं. काकू म्हणाल्या, आधी सगळे जेवायला चला, आणि सगळे गेले. उंबऱ्यावरची खुर्ची तशीच रिकामी राहिली.